तरतूद, वितरण, खर्च, काम: सरकारी आकडे वाचायची पद्धत

‘अमुक योजनेसाठी इतके कोटी’ अशी बातमी आली की काहींना वाटतं पैसे आले, आणि काहींना वाटतं पैसे खाल्ले. बहुतेक वेळा दोघंही घाई करत असतात, कारण त्या पैशाने अजून तिजोरी सोडलेलीच नसते. राज्य सरकारचा रुपया घोषणा, तरतूद, वितरण, खर्च आणि प्रत्यक्ष काम अशा टप्प्यांतून जातो. प्रत्येक टप्प्याचा आकडा वेगळ्या कागदावर असतो आणि तो मागच्या टप्प्यापेक्षा सहसा लहान असतो. म्हणून कुठलाही आकडा समोर आला की आधी विचारायचं ते हे, की हा कोणत्या टप्प्यावरचा? खाली महाराष्ट्र शासनाचं उदाहरण धरून मंत्रालयापासून ग्रामपंचायतीपर्यंतचा माग दिला आहे.

अर्थसंकल्पाचे चार रकाने

अर्थमंत्र्यांचं भाषण शेवटी वाचा. त्यात घोषणा असतात, हिशेब नसतो. वित्त विभागाच्या संकेतस्थळावरून दोन गोष्टी उतरवून घ्या. पहिली म्हणजे वार्षिक वित्तविषयक विवरणपत्र. संविधानाच्या अनुच्छेद २०२ प्रमाणे सभागृहात मांडावं लागतं ते हेच. दुसरी म्हणजे तुम्हाला हव्या त्या विभागाचं तपशीलवार अंदाजांचं पुस्तक.

या पुस्तकात प्रत्येक ओळीपुढे चार रकाने असतात. मार्च २०२५ मधल्या पुस्तकात ते असे: २०२३-२४ च्या प्रत्यक्ष रकमा, २०२४-२५ चा अर्थसंकल्पीय अंदाज, २०२४-२५ चा सुधारित अंदाज आणि २०२५-२६ चा अर्थसंकल्पीय अंदाज. खरा झालेला खर्च फक्त पहिल्या रकान्यात असतो, आणि तो दोन वर्षं मागचा. बाकीचे तिन्ही अंदाज. बातम्यांत सहसा शेवटचा रकाना आदल्या अर्थसंकल्पाशी ताडून ‘इतकी वाढ’ म्हणतात. त्याऐवजी तो सुधारित अंदाजाशी ताडून पाहा, अनेकदा वाढीची घट होते. मग दोन वर्षांनी येणाऱ्या पुस्तकात त्याच वर्षाची प्रत्यक्ष रक्कम पाहा. पाच वर्षांची पुस्तकं घेऊन एकाच योजनेचे अंदाज आणि प्रत्यक्ष रकमा शेजारी मांडल्या की त्या विभागाची सवय कळते. कुणी दरवर्षी फुगवून मागतो, कुणी कमी दाखवून पुरवणी मागण्यांत (वर्षाच्या अधेमधे सभागृहाकडे मागितलेल्या वाढीव पैशात) वसूल करतो.

एकूण आकड्यांची उलटतपासणी स्वतः करायची सवय लावा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात एकूण खर्च ७,००,०२० कोटी, महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी आणि महसुली जमा ५,६०,९६४ कोटी होती. महसुली खर्चातून महसुली जमा वजा केली की ४५,८९१ कोटींची महसुली तूट. एकूण खर्चातून महसुली खर्च वजा केला की ९३,१६५ कोटी भांडवली. म्हणजे शंभरातले सुमारे ८७ रुपये पगार, पेन्शन, व्याज, अनुदानं आणि रोजच्या कारभाराचे आणि १३ रुपये नवं काही उभारण्याचे. राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटी दाखवली होती. कर्ज काढून भागवायची रक्कम ढोबळमानाने ही. महसुली तूट या मोठ्या तुटीच्या पोटात असते, म्हणून दोन्हींची बेरीज करू नये. तरीही ती केलेली दिसते.

पुरवणी मागण्यांची बेरीज फसवते

अर्थसंकल्प मार्चमध्ये संपत नाही. अनुच्छेद २०५ खाली पावसाळी, हिवाळी आणि पुन्हा मार्चच्या अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात. २०२४-२५ हे वर्ष समजून घ्यायला चांगलं. मूळ अर्थसंकल्प ६,१२,२९३ कोटींचा. जुलै २०२४ मध्ये एका फटक्यात ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या, पुढच्या अधिवेशनांत आणखी आल्या. तरी वर्षाचा सुधारित अंदाज थांबला ६,७२,०३० कोटींवर. मूळ अर्थसंकल्पापेक्षा ५९,७३७ कोटी जास्त, म्हणजे एकट्या जुलैच्या मागण्यांपेक्षाही कमी.

उरलेली रक्कम कुठे गेली, याचं उत्तर तीन ठिकाणी मिळतं. पुरवणी मागणी ‘स्थूल’ असते. तिच्यातल्या काही रकमेसमोर केंद्राचा निधी किंवा दुसऱ्या शीर्षातली (हिशेबाच्या खात्यातली) बचत उभी असते, ती वजा केली की ‘निव्वळ भार’ उरतो. काही मागण्या नुसत्या लाक्षणिक असतात, म्हणजे पैसा आधीच आहे, फक्त नव्या बाबीवर वळवायला सभागृहाची संमती हवी. आणि तिसरं, एकीकडे मागण्या येत असताना दुसरीकडे मूळ तरतुदी कापल्या जात असतात. ही कापाकापी कुठल्या भाषणात येत नाही, ती सुधारित अंदाजाच्या रकान्यात शोधावी लागते. पुरवणी मागण्यांवर लिहिताना किंवा बोलताना स्थूल आकडा आहे की निव्वळ, एवढं तरी सांगा.

एक ओळ उलगडून

तपशीलवार पुस्तक उघडलं की आकड्यांची माळ दिसते आणि माणूस पुस्तक मिटतो. पण ही माळ देशभर जवळपास एकच आहे, एकदा शिकली की सगळ्या राज्यांची पुस्तकं वाचता येतात. शासन निर्णयातली ही नेहमीची ओळ घ्या:

‘मागणी क्र. ई-२, २२०२ सर्वसाधारण शिक्षण, ०१ प्राथमिक शिक्षण, १९६ जिल्हा परिषदांना सहाय्य, … ३६ सहायक अनुदाने (वेतन)’

‘मागणी’ म्हणजे सभागृहाकडे मागितलेल्या पैशाचा विभागवार गट, ‘ई’ म्हणजे शालेय शिक्षण विभाग. २२०२ हे प्रधान शीर्ष, म्हणजे हिशेबाचं मुख्य खातं. त्याचा पहिला आकडा सगळ्यात जास्त बोलतो. ० किंवा १ ने सुरुवात असेल तर ती जमा, २ किंवा ३ असेल तर महसुली खर्च, ४ किंवा ५ असेल तर भांडवली, ६ किंवा ७ असेल तर कर्ज, ८ असेल तर मुख्यतः लोकलेखा (सरकारने फक्त सांभाळलेला पैसा). उरलेले तीन आकडे बहुतेक क्षेत्रांत तेच राहतात. आरोग्याची जमा ०२१०, दवाखाने चालवण्याचा खर्च २२१०, दवाखान्यांच्या इमारती ४२१०. म्हणून ‘आरोग्यावर किती खर्च’ याचं उत्तर एकट्या २२१० मध्ये नसतं. ४२१० आणि कुटुंब कल्याणाचं २२११ धरावं लागतं. ४९-७१ ही जोडीही लक्षात ठेवा: २०४९ व्याज, २०७१ निवृत्तिवेतन. कुठलंही सरकार आलं तरी या दोन ओळींना कात्री लागत नाही.

पुढचे दोन आकडे उपप्रधान शीर्षाचे, त्यापुढचे तीन गौण शीर्षाचे. गौण शीर्षातले काही आकडे सगळीकडे एकाच अर्थाचे असतात आणि तेच पाठ करण्याजोगे आहेत: १९१ महानगरपालिका, १९२ नगरपालिका, १९६ जिल्हा परिषदा, १९७ पंचायत समित्या, १९८ ग्रामपंचायती, ७८९ अनुसूचित जातींसाठीची तरतूद, ७९६ आदिवासी क्षेत्रासाठीची, ००१ संचालन व प्रशासन. ८०० म्हणजे ‘इतर खर्च’. या ८०० वर नजर ठेवा. मोठी रक्कम तिथे बसली असेल तर ती कशाची हे पुस्तकावरून कळतच नाही, आणि कॅगनेही (सरकारी हिशेब तपासणारे नियंत्रक व महालेखापरीक्षक) त्यावर अनेक अहवालांत बोट ठेवलं आहे.

सगळ्यात शेवटचे दोन आकडे पैसा नेमका कशावर जातो ते सांगतात: ०१ वेतन, १३ कार्यालयीन खर्च, ३१ सहायक अनुदाने (वेतनेतर), ३६ सहायक अनुदाने (वेतन), ५३ मोठी बांधकामे. ‘शिक्षणाला एवढे हजार कोटी’ या वाक्याची हवा इथे निघते, कारण त्यातला फार मोठा हिस्सा ०१ आणि ३६ मध्ये असतो. तो वाया जातो असं नव्हे, शिक्षकाशिवाय शाळा नाही. पण पुस्तकं, दुरुस्ती, वीजबिल यांसाठी उरतं किती हे ३१ आणि १३ पाहिल्याशिवाय कळत नाही. योजनेच्या नावापुढे कंसात आठ अंकी संकेतांकही असतो, पहिले चार प्रधान शीर्षाचे. योजनेचं नाव बदललं तर माग या संकेतांकावरून काढा. सरकारं बदलतात तशी नावं बदलतात, संकेतांक पुष्कळदा तोच राहतो.

इथे दोन चुका हमखास होतात. एकच योजना तीन मागण्यांत विभागलेली असते: सर्वसाधारण भाग मूळ विभागाकडे, अनुसूचित जातींचा भाग सामाजिक न्याय विभागाच्या एन-३ मध्ये आणि आदिवासी भाग आदिवासी विकास विभागाच्या टी-५ मध्ये. एकच ओळ पाहून ‘तरतूद घटली’ म्हणणाऱ्याने बाकीच्या दोन पाहिलेल्या नसतात. दुसरी चूक महसुली-भांडवलीची. जिल्हा परिषदेला शाळाखोल्या बांधायला दिलेलं अनुदान राज्याच्या पुस्तकात महसुली खर्चात बसतं, कारण इमारत राज्याच्या मालकीची होत नाही. तेव्हा ‘भांडवली खर्च कमी म्हणजे काहीच बांधलं नाही’ हा निष्कर्ष जपून काढा.

एककं तपासल्याशिवाय गणित सुरू करू नका. तपशीलवार पुस्तकात रकमा हजार रुपयांत असतात, गोषवाऱ्यात कोटींत, जिल्ह्याच्या कागदांवर लाखांत. हजारांतल्या रकमेचे शेवटचे चार अंक सोडले की कोटी, लाखांतल्या रकमेचे दोन सोडले की कोटी. पानाच्या वरच्या कोपऱ्यातलं ‘रुपये हजारात’ न पाहिल्यामुळे दहा हजारपट चुकलेले आकडे फिरत असतात. पीडीएफमधून तक्ता एक्सेलमध्ये घेताना देवनागरी अंक बहुधा मजकूर म्हणून येतात आणि बेरीज शून्य दाखवते. आधी शोधा-बदला करून ते अंक इंग्रजी करून घ्या. जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफची नक्कल केली तर अक्षरांचा नुसता काला येतो. अशा वेळी वीसेक ओळी हाताने टाइप करणं लवकर होतं.

तरतुदीपासून खर्चापर्यंत

सभागृहाने तरतूद मंजूर केली तरी वित्त विभाग ती एकदम मोकळी करत नाही. किती टक्के निधी वितरित करायचा याची परिपत्रकं निघतात, मग विभाग शासन निर्णय काढून निधी खाली सोडतो. हे शासन निर्णय, म्हणजेच जीआर, शासनाच्या संकेतस्थळावर विभागवार आणि तारखेनुसार मिळतात. जीआरच्या लांबलचक संकेतांकाचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. शोधताना ‘निधी वितरित’ हे शब्द घाला. प्रशासकीय मान्यतेचा जीआर आणि निधी वितरणाचा जीआर यांत गल्लत नको. मान्यता म्हणजे काम करायला हरकत नाही एवढंच. तिच्यात पैसा नसतो. गावोगावच्या भूमिपूजनाच्या फलकांवर असतो तो बहुतेक मान्यतेचा आकडा.

विभागवार तरतूद, वितरण आणि खर्च वित्त विभागाच्या ‘बीम्स’ या संगणक प्रणालीत नोंदले जातात. तिथे महिन्याच्या महिन्याला वितरण आणि खर्च तपासा. डिसेंबरपर्यंत तिसरा हिस्सा खर्च आणि मार्चअखेर अचानक नव्वद टक्के, असं दिसलं तर पुढचा परिच्छेद लागू पडतो. राज्याचा एकूण मासिक हिशेब कॅगच्या संकेतस्थळावरही असतो. तो लेखापरीक्षण न झालेला असतो, पण कल समजायला पुरतो.

मार्चअखेरीस कोषागारातून निघालेली रक्कम ‘खर्च’ म्हणून नोंदली जाते, मग ती पुढे बँकेतल्या खात्यात पडून का असेना. स्वीय प्रपंजी खात्यात (अधिकाऱ्याच्या पदनामावरच्या ठेव खात्यात) वळवलेला पैसा, महामंडळाला दिलेलं भागभांडवल, जिल्हा परिषदेला दिलेलं अनुदान, हे सगळं राज्याच्या लेखी त्याच दिवशी खर्च झालं. जिल्हा परिषदेला तो निधी पुढच्या वर्षाच्या मार्चपर्यंत खर्च करता येतो, म्हणून राज्याची ‘शंभर टक्के खर्च’ आणि जिल्हा परिषदेची ‘निम्मा अखर्चित’ ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात. खरं चित्र पाहायचं तर कॅगचा राज्याच्या वित्तव्यवस्थेवरचा अहवाल उघडा आणि त्यात तीन गोष्टी शोधा: प्रलंबित उपयोगिता प्रमाणपत्रं (पैसा ठरल्या कामावर लागल्याचे दाखले), स्वीय प्रपंजी खात्यांतली शिल्लक, आणि संक्षिप्त देयकांवर (हिशेब नंतर द्यायच्या बोलीवर) काढलेल्या पण तपशीलवार देयक न दिलेल्या रकमा. विनियोजन लेख्यांत (मंजूर तरतूद आणि खर्च यांच्या ताळ्यात) मागणीनिहाय बचत आणि जादा खर्च असतो. ‘बचत’ म्हणजे इथे काटकसर नाही. मागितलेला पैसा वापरता आला नाही, एवढाच तिचा अर्थ. ३१ मार्चच्या आत परत केला तर तो ‘समर्पित’, आणि परतही केला नाही तर ‘व्यपगत’. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तो पैसा दुसऱ्या कुणाच्याही उपयोगी पडला नाही.

राज्याच्या ७ लाख कोटींत सगळा सार्वजनिक पैसा नसतो, हेही ध्यानात ठेवा. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता आणि तो स्वतंत्र आहे. पण राज्याकडून तिला मिळणारी रक्कम दोन्ही पुस्तकांत येते, त्यामुळे दोन्हींची सरळ बेरीज करता येत नाही.

वर्षावर्षांची आणि जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना

तीन वर्षांत तरतूद १०० वरून ११८ कोटी झाली आणि महागाई वर्षाला ५ टक्के धरली, तर जुन्या १०० कोटींची किंमत आज सुमारे ११५.८ कोटी होते. खरी वाढ दोन टक्केसुद्धा नाही. महागाईसाठी केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाचा ग्राहक किंमत निर्देशांक घ्या. मालिकेचं आधारवर्ष बदललं असेल तर जुन्या आणि नव्या मालिकेचे आकडे थेट भागू नका, आधी जोडगुणकाने (दोन मालिका जोडणाऱ्या गुणकाने) जुळवून घ्या.

दरडोई आकड्यात भागाकाराखाली काय आहे ते बघा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ होती. त्यानंतर जनगणना लांबत गेली. ७,००,०२० कोटींना २०११ च्या लोकसंख्येने भागलं तर माणशी सुमारे ६२,३०० रुपये येतात, १३ कोटी धरले तर ५३,८००. साडेआठ हजारांचा फरक निव्वळ भाजकामुळे. जिल्ह्यांची तुलना करताना हा घोळ वाढतो, कारण ठाणे आणि पुण्याची वाढ सिंधुदुर्गासारखी नाही. २०११ चा आकडा वापरला की वाढत्या जिल्ह्यांना मिळणारा पैसा फुगलेला दिसतो.

जिल्ह्याच्या आकड्यांसाठी अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ हाताशी ठेवा. तालुकावार शाळा, सिंचन, रस्ते, दवाखाने असे तक्ते त्यात असतात. फार कमी लोक ते उघडतात. तक्त्याखालच्या टिपा आधी वाचा, ‘अस्थायी’ लिहिलेला आकडा पुढच्या वर्षी बदलतो.

गावाचा पैसा

ग्रामपंचायतीपुरतं पाहायचं असेल तर काम सोपं आहे. केंद्राच्या ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडलं की वर्षाचा विकास आराखडा, त्यातली कामं आणि झालेली देयकं दिसतात. १५ व्या वित्त आयोगाच्या काळात (२०२१-२२ ते २०२५-२६) त्याच्या शिफारशीने गावाला येणाऱ्या केंद्राच्या निधीचा नियम असा होता: वर्षाला १० लाख आले तर ६ लाख बंधित, त्यातले ३ पाण्यासाठी आणि ३ स्वच्छतेसाठी, उरलेले ४ लाख अबंधित, पण त्यातून पगार आणि आस्थापना खर्च करायचा नाही. देयकांची यादी या चौकटीवर ठेवून पाहा. स्वच्छतेच्या शीर्षात पेव्हर ब्लॉक दिसले तर प्रश्न विचारायला जागा आहे.

संकेतस्थळावर देयक दिसतं, काम दिसत नाही. त्यासाठी पंचायतीचे नमुने. नमुना १ अर्थसंकल्प, नमुना ५ रोकडवही, नमुना ८ कर आकारणी, नमुना ९ कर मागणी, नमुना २० कामांच्या अंदाजाची नोंदवही, आणि त्याच्या जोडीला मोजमापवही. मोजमापवही सगळ्यात महत्त्वाची. गटाराची लांबी, रुंदी, खोली तिथे मीटरमध्ये लिहिलेली असते. टेप घेऊन तेच गटार मोजता येतं. नमुना ९ मधली मागणी आणि प्रत्यक्ष वसुली यांतला फरकही बघा, पंचायत आपल्या पायावर किती उभी आहे ते त्यातून कळतं.

काम झालं की नाही आणि त्याचा उपयोग झाला की नाही, हे आणखी पुढचं. जलजीवन मिशनच्या संकेतस्थळावरच्या फलकावर नळजोडण्यांची टक्केवारी असते. योजनेचं माप माणशी दिवसाला ५५ लिटर हे आहे, पण जोडणी मोजली म्हणजे पाणी मोजलं असं नाही. टाकीची क्षमता, दिवसाला ती किती वेळा भरून सुटते आणि लोकसंख्या घेतली की पाच मिनिटांत माणशी लिटर निघतात. शाळेसाठी यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या संकेतस्थळावर अकरा अंकी संकेतांक टाकून शिक्षक, खोल्या, शौचालयं पाहता येतात. ही माहिती शाळेनेच भरलेली असते, आणि ‘शौचालय आहे’ व ‘वापरात आहे’ हे रकाने वेगळे असतात.

कागद मिळाले नाहीत तर माहिती अधिकार. अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांत. ‘गावात झालेल्या सर्व कामांची माहिती द्या’ असं लिहिलं की उत्तर लांबतं किंवा मोघम येतं. त्याऐवजी असं लिहा: ‘सन २०२४-२५ मध्ये अमुक वस्तीतील गटार बांधकामाची प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रक, मोजमापवहीची संबंधित पाने, अंतिम देयक आणि पूर्णत्वाचा दाखला यांच्या प्रती’. प्रतीला पानामागे दोन रुपये. कागद फार असतील तर प्रतींऐवजी कलम २(ञ) खाली अभिलेख पाहण्याची मागणी करा; त्यात काम पाहण्याचा आणि साहित्याचा नमुना घेण्याचाही हक्क आहे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) प्रमाणे त्यांनीच तो पाच दिवसांत पुढे पाठवायचा असतो, ‘आमच्याकडे येत नाही’ म्हणून परत करायचा नसतो. तीस दिवसांत उत्तर नाही आलं, तर पुढच्या तीस दिवसांत २० रुपयांचा स्टॅम्प लावून त्या कार्यालयासाठी नेमलेल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा. सोबत मूळ अर्जाची पोच जोडा. टपालाने पाठवला असेल तर रजिस्टरची पावती जपून ठेवलेली असावी.